मीठ नाकारणारा उमराव

सूडकथा म्हटली की आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला हटकून आठवतो तो मॉन्टे क्रिस्टोचा काउंट. अलेक्झांडर ड्यूमाची ही कादंबरी आम्ही बहुतेकांनी वाचली ती शाळेच्या ग्रंथालयातल्या, कापून-छाटून दीडदोनशे पानांत बसवलेल्या आवृत्तीतून. निरपराध खलाशी, चौदा वर्षांची कैद, प्रेताच्या पोत्यातून सुटका, बेटावरचा खजिना आणि मग एकेका दुष्मनाचा हिशेब. एवढ्यावर आमचे बालपण खूश होते. मोठेपणी पूर्ण कादंबरी हाती आली तेव्हा आम्ही चकित झालो. त्या छोट्या आवृत्तीतून कापून टाकलेला भाग आमचाच होता. या कादंबरीत एक अली आहे, यानिनाच्या पाशाची मुलगी आहे, कुस्तुंतुनियाचा गुलामांचा बाजार आहे, हिजरी सनाची तारीख असलेला एक विक्रीचा कागद आहे, सिंदबादचे सोंग आहे आणि शेवटी अल्जीरियाला निघालेले जहाजही आहे. आमच्या माणसांना वगळून आम्हाला ही गोष्ट सांगितली गेली होती. म्हणून ती आम्ही पुन्हा वाचायला घेतली.

'जूर्नाल दे देबा' या पॅरिसच्या वृत्तपत्रातून १८४४ च्या ऑगस्टपासून १८४६ च्या जानेवारीपर्यंत ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. ओग्युस्त माके हा ड्यूमाचा मदतनीस लेखक तिच्या रचनेत सहभागी होता. मूळ धागा झाक प्यूशे याने पोलीस दप्तरातून काढलेल्या एका चांभाराच्या सूडकथेचा. ड्यूमाने चांभाराचा खलाशी केला आणि खलाशाचा उमराव.

या उमरावाकडे आधी नीट पाहू. एडमंड दांतेस जन्माने उमराव नाही. खजिना सापडल्यावर त्याने एक ओसाड बेट विकत घेतले आणि त्याबरोबर तस्कनीची काउंट ही पदवीही. त्याचे तिन्ही दुष्मन असेच वर चढलेले. दांग्लार जहाजावरचा हिशेबनीस होता, तो बॅरन झाला. फेर्नां कोळी होता, तो काउंट द मोर्सेर्फ झाला. विलफोर हा एकटाच घरचा खानदानी, पण राजवट बदलली तशी निष्ठा बदलण्यात तोही मागे नाही. नेपोलियन पडल्यानंतरच्या फ्रान्समध्ये पैसा आणि दगाबाजी या दोन शिड्यांनी माणसे कुठवर जाऊन पोचत होती याचा हा लेखाजोखा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच समाजाचे हे अंग ड्यूमाने बाल्झाकइतके खोल दाखवले नाही, पण त्याच्यापेक्षा जास्त लोकांना दाखवले.

आणि या सगळ्या नव्या उमरावांच्या मध्ये उभी आहे मर्सेदेस. मार्सेयच्या वेशीबाहेर कातालान लोकांची एक छोटी वस्ती होती. समुद्रावर जगणारे, आपसातच सोयरीक करणारे, घरात वेगळी बोली बोलणारे लोक. आमच्या कोकणातल्या दालदी मोहल्ल्याची आठवण व्हावी अशी ती वस्ती. त्या वस्तीतली ही अनाथ, गरीब मुलगी. दांतेस साखरपुड्याच्या जेवणावरून उचलला गेला तो २८ फेब्रुवारी १८१५ या दिवशी. त्यानंतर मर्सेदेसने काय केले हे काद्रूसच्या तोंडून आपल्याला कळते. ती अधिकाऱ्यांच्या दारात गेली, रडली, हाकलली गेली. दांतेसच्या म्हाताऱ्या बापाला आपल्या घरी चल म्हणून विनवत राहिली. तो आला नाही. पोराची वाट बघत त्याने खोलीतच उपासमारीने प्राण सोडला, त्या वेळी ती त्याच्या उशाशी होती. अठरा महिने वाट पाहून, सगळे म्हणतात तो मेला म्हणून, तिने चुलतभाऊ फेर्नांशी निकाह लावला. लग्न म्हणा हवे तर. आम्हाला हा शब्द सुचला तो उगाच नाही. एकट्या राहिलेल्या मुलीला सावलीसाठी लग्न करावे लागणे हे काय असते ते आमच्या घरांतून आम्ही पाहिले आहे.

कादंबरी मात्र तिला माफ करत नाही. चौदा वर्षे अंधारकोठडीत राहिलेला पुरुष सगळ्या जगाचा हिशेब करतो, तेव्हा या बाईच्या अठरा महिन्यांचाही हिशेब करतो. काद्रूसकडून सगळी हकिकत ऐकताना तिने वाट पाहिली नाही हीच गोष्ट त्याच्या मनाला डसते. तिने त्याच्या बापासाठी काय केले हे त्याच बैठकीत त्याला कळते, पण त्याच्या हिशेबाच्या वहीत त्याची जमा कुठे पडत नाही. ड्यूमाच्या या नायकाचा मोठेपणा आम्ही मान्य करतो, पण ही वही एकाच बाजूने लिहिलेली आहे हेही नोंदवतो.

आता त्या प्रसंगाकडे येऊ, ज्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहावासा वाटला. साल १८३८, पॅरिस. मर्सेदेस आता काउंटेस द मोर्सेर्फ आहे. लिहायला-वाचायला, चित्र काढायला, वाजवायला शिकली आहे. परदेशातून आलेला हा फिकट चेहऱ्याचा काउंट कोण, हे पहिल्याच भेटीत तिने आवाजावरून ओळखले आहे. दुसऱ्या कोणालाही ते कळलेले नाही. तिच्या घरी मेजवानी आहे. तिच्या लक्षात येते, हा माणूस आपल्या घरात काहीही तोंडात घालत नाही. ती त्याला बागेतल्या काचघरात नेते. द्राक्षांचा घड तोडून त्याच्यापुढे धरते. तो नको म्हणतो. मग पीच तोडते. तेही नको. तेव्हा ती त्याला अरबांच्या एका रिवाजाची आठवण देते. एका छपराखाली ज्यांनी भाकरी आणि मीठ वाटून खाल्ले ते कायमचे दोस्त होतात, असा तो रिवाज. काउंट सांगतो की तो रिवाज आपल्याला माहीत आहे, पण आपण फ्रान्समध्ये आहोत, अरबस्तानात नाही; आणि फ्रान्समध्ये कायमची दोस्तीही नसते आणि मीठही वाटून खाल्ले जात नाही.

मिठाची शपथ ही आमच्या भाषेत, आमच्या घरात, आमच्या गाण्या-सिनेमांत किती खोल रुजली आहे हे सांगायला नको. खाल्ल्या मिठाला जागणे हे मराठीत जसे आहे तसेच नमकहलाल आणि नमकहराम हे शब्द दख्खनीत आहेत, आणि दोन्ही आमच्याच घरात एकाच तोंडून ऐकू येतात. म्हणून या प्रसंगातली चलाखी आम्हाला चटकन कळते. एरवी हा काउंट जागोजागी पूर्वेचा माणूस म्हणून मिरवतो. गुहेत सिंदबाद होऊन बसतो, हशीशची हिरवी वडी खाऊ घालतो, विषांचे पूर्वेकडचे ज्ञान मादाम द विलफोरला इतक्या बारकाईने ऐकवतो की पुढे ती त्याचा उपयोग करून आपल्याच घरातली माणसे मारते. पूर्व म्हणजे सूडाची परवानगी, पूर्व म्हणजे गुलाम आणि जहर, असा त्याचा सगळा पवित्रा आहे. आणि जेव्हा पूर्वेचा एकच नियम त्याच्यापुढे येतो, ज्याने सूड थांबला असता, तेव्हा त्याला आठवते की आपण फ्रान्समध्ये आहोत.

एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम' या पुस्तकानंतर युरोपच्या कादंबऱ्यांतली पूर्व कशी बनावट आहे हे दाखवणे सोपे झाले आहे, आणि आम्हाला तेवढ्यावर थांबायचे नाही. कारण इथे ते बनावट सोंग उघडे पाडणारी बाई कादंबरीतच आहे. कातालान वस्तीतल्या एका खेडवळ मुलीला अरबांचा तो रिवाज कळला आहे आणि तो पाळावा असे वाटते आहे. पूर्वेचा पोशाख काउंटच्या अंगावर आहे आणि पूर्वेचे मन तिच्याजवळ आहे. ड्यूमाला हे जाणवले होते की नाही, कोण जाणे. प्रसंगाची धार अशी आहे की जाणवले असावे.

अलीचे तसे नाही. अलीबद्दल बोलताना ड्यूमाचा हात जराही थरथरत नाही. अली हा काउंटचा न्यूबियन नोकर, मुका. त्याला ट्यूनिसच्या बेने शिक्षा दिली होती ती अशी, की पहिल्या दिवशी जीभ, दुसऱ्या दिवशी हात, तिसऱ्या दिवशी मुंडके. काउंट आपल्या पाहुण्याला मोठ्या मजेत सांगतो की त्याला एक मुका नोकर केव्हापासून हवाच होता, म्हणून तो जीभ कापली जाईपर्यंत थांबला आणि मग बेकडे जाऊन एका उत्तम दुनळी बंदुकीच्या बदल्यात अलीला मागून घेतले.

हा परिच्छेद आम्ही दोनदा वाचला. बंदूक पहिल्या दिवशीही त्याच्याजवळ होती.

कैदेत जन्म-मरणाच्या सीमेवर चौदा वर्षे काढलेला माणूस, अन्यायाने गेलेल्या तारुण्याचा जाब अल्लाकडे मागणारा माणूस, दुसऱ्या माणसाच्या शिक्षेचा एक दिवस आपल्या सोयीसाठी पार पडू देतो आणि त्याचा किस्सा करतो. कादंबरीच्या हजारबाराशे पानांत अलीला स्वतःचा एकही विचार दिलेला नाही. तो फासा टाकून उधळलेले घोडे आवरतो, रात्रभर दारात पहारा देतो, मालकाच्या इशाऱ्याबरोबर हलतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीत मुसलमान पात्र वाचताना आम्हाला जी सवय झाली आहे ती इथे कामी आली. खलनायक असेल तर त्याला निदान बोलता येते. इमानदार असेल तर तो मुका.

बोलायला मिळते ते हाइदेला, आणि तिच्या बोलण्याने कादंबरीचा मध्य हादरतो. हाइदे ही यानिनाच्या अली पाशाची मुलगी. फेर्नां त्या पाशाच्या नोकरीत फ्रेंच अधिकारी म्हणून होता. त्याने किल्ला तुर्की फौजेला विकला, पाशाला मारू दिले आणि त्याची बायको वासिलिकी व चार वर्षांची हाइदे यांना गुलामांच्या व्यापाऱ्याला विकून पैसा केला. त्या पैशावर तो काउंट झाला. फ्रेंच सरदारांच्या सभागृहात त्याची चौकशी चालू असताना हाइदे बुरख्यात येते, जन्माचा आणि विक्रीचा दाखला पुढे ठेवते. व्यापाऱ्याच्या कागदावर सन १२४७ हिजरी आहे, आणि काउंटने तिला सोडवताना सुलतानासाठी दिलेल्या पाचूची किंमतही. उजव्या हातावरच्या वणावरून ती फेर्नांला ओळखते. त्या वेळी काउंट पॅरिसमध्ये नाही. डाव त्यानेच मांडलेला आहे, पण सभागृहात उभे राहण्याचा निर्णय तिचा आहे. या एका प्रकरणात काउंटच्या घरातली दोन गुलाम माणसे समोरासमोर ठेवावीत. एकाची जीभ गेली, दुसरीच्या जिभेने एक उमराव कोसळला.

इथे इतिहासाशी ताडून पाहणे भाग आहे, कारण अली पाशा कल्पित नाही. तेपेलेनाचा हा अल्बानियन मुसलमान सरदार १७८८ पासून यानिनावर हुकूमत गाजवत होता. बायरन त्याला १८०९ मध्ये भेटला होता, आणि हाइदे हे नावही ड्यूमाने बायरनच्या 'डॉन जुआन'मधूनच उचलले आहे. सुलतान दुसरा महमूद याच्याशी बिनसल्यावर १८२२ च्या जानेवारीत तुर्की सैन्याने अलीला यानिनाच्या सरोवरातल्या बेटावर मारले आणि त्याचे मुंडके राजधानीला पाठवले. त्यात कोणा फ्रेंच कर्नलची दगाबाजी नव्हती. वासिलिकी ही खरोखरच त्याची ख्रिस्ती बायको होती, पण कादंबरीत ती कुस्तुंतुनियाच्या वेशीवर नवऱ्याचे मुंडके पाहून मरते, तर इतिहासात ती पुढे बारा वर्षे जगली. हाइदे पूर्णतः कल्पित.

आणि खुद्द अली पाशा? तो कादंबरीतल्या काउंटपेक्षा मोठा सूडकरी होता. आई आणि बहिणीची अनेक वर्षांपूर्वी झालेली बेअब्रू मनात धरून त्याने १८१२ मध्ये गार्दिकी गावच्या लोकांची कत्तल केली, आणि ते लोक मुसलमानच होते. ड्यूमाला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याच्या नावाने १८३९-४० मध्ये निघालेल्या 'गाजलेले गुन्हे' या मालिकेत अली पाशावर एक प्रकरण आहे. कादंबरीत मात्र पांढऱ्या दाढीचा, मुलीला मांडीवर घेणारा बाप तेवढा उरला. मुलीच्या आठवणीत बाप असाच राहणार, हे आम्हाला पटते. पण हाइदेला बापाचा मजहब मात्र ड्यूमाने दिला नाही. तिच्या दाखल्यांत बाप्तिस्म्याचाही दाखला आहे. पाशाने तिला आईच्या धर्मात वाढू दिले, असे ती सांगते. पॅरिसच्या वाचकाने तिच्यावर माया करावी आणि शेवटी नायकाच्या मिठीत तिला पाहून सुस्कारा टाकावा, यासाठी एवढे करणे लेखकाला जरुरीचे वाटले असावे. बापाचा वारसा सुरमा, गालिचे आणि रबाब एवढाच उरतो.

हे लिहिणारा माणूस कोण होता हे विसरून चालत नाही. ड्यूमाची आजी मारी-सेसेत ही सां दोमिंग बेटावरची काळी गुलाम बाई, आजोबा फ्रेंच मार्की. खऱ्या आयुष्यातला उमराव आणि खरी गावची बाई ही अशी. त्या मार्कीने फ्रान्सला परतण्याच्या जहाजभाड्यासाठी पोटच्या मुलाला गहाण टाकले आणि मागाहून सोडवून घेतले. तो मुलगा म्हणजे ड्यूमाचा बाप. पुढे तो क्रांतीच्या फौजेत जनरल झाला, नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला, परतताना १७९९ मध्ये नेपल्सच्या राज्यात पकडला गेला आणि सुमारे दोन वर्षे तिथल्या तुरुंगात सडला. तब्येत गेली ती गेलीच. १८०६ मध्ये तो वारला तेव्हा लेखक चार वर्षांचाही नव्हता. शातो दीफच्या कोठडीतला अंधार ड्यूमाने कुठून आणला हे यावरून समजते. पण ज्याच्या बापाला गहाण टाकले गेले होते त्याने अलीच्या जिभेचा विनोद कसा लिहिला, हे समजत नाही. फ्रेंच वसाहतींत गुलामी कायमची बंद झाली ती १८४८ मध्ये, कादंबरी पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी.

जाता जाता आणखी एक गोष्ट आमच्या बाजूची. कोठडीत दांतेसला भाषा, गणित, इतिहास शिकवणारा आबे फारिया कादंबरीत इटालियन आहे. पण नाव घेतले आहे ते गोव्याच्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेल्या आणि १८१९ साली तिथेच वारलेल्या खऱ्या आबे फारियाचे. पणजीत मांडवीच्या काठी त्याचा पुतळा आहे.

दांतेसची गोष्ट वाचताना आमच्या घरातल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. हजरत यूसुफ (अ.) यांची. भावांच्या मत्सराने विहिरीत टाकलेला मुलगा, गुलाम म्हणून विक्री, खोट्या आरोपाने कैद, कैदेत मिळालेले ज्ञान, मग मिसरच्या खजिन्याची किल्ली हातात, आणि एके दिवशी तेच भाऊ समोर. ते त्याला ओळखत नाहीत, तो त्यांना ओळखतो. सूरे यूसुफमधली ही सगळी घडण ड्यूमाच्या कथेत जशीच्या तशी दिसते. पवित्र ग्रंथांतून ही गोष्ट युरोपलाही माहीत होती, त्यामुळे साम्याचे नवल नाही. नवल आहे ते फाट्याचे. यूसुफही लगेच ओळख देत नाहीत. धाकट्या भावाच्या सामानात प्याला ठेवतात, भावांना परखतात, रडवतात. म्हणजे ताकद हाती आल्यावर थोडे खेळवणे तिथेही आहे. पण शेवट माफीत आहे, कसलाही ठपका न ठेवता. मक्का जिंकल्यावर हजरत मुहंमद (स.) यांनी कुरैशना माफ करताना यूसुफांच्याच बोलण्याची आठवण दिली, असे सीरतचे ग्रंथ सांगतात.

पण न्यायाने बोलायचे तर एक फरक विसरता येत नाही. यूसुफांचा बाप जिवंत होता. रडून दृष्टी गेलेल्या याकूबांच्या चेहऱ्यावर मुलाचा सदरा टाकता आला आणि डोळे परत आले. दांतेसचा बाप उपाशी मेला. ज्याच्याजवळ बापाच्या चेहऱ्यावर टाकायला सदराच नाही, त्याला माफीचा उपदेश करताना जीभ चाचरावी. आमच्या शरीयतनेही किसासचा हक्क मानला आहे, बरोबरीचा बदला घेऊ दिला आहे, आणि माफ करणाऱ्याचा अज्र अल्लाकडे ठेवला आहे. अट एकच, बरोबरीची. काउंटची अडचण तिथे होते. विलफोरच्या घरात विष शिरले आणि त्यात आठनऊ वर्षांचे पोर मेले, ज्याचा कशाशी संबंध नव्हता. त्या पोराच्या प्रेतासमोर काउंटला प्रथमच वाटते की आपण खुदाचा हात नव्हतो. ड्यूमाच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे ते हे. त्याने आपल्या नायकाला त्या खोलीत नेऊन उभे केले.

त्याच्याही आधी, खरे तर, मर्सेदेसने त्याला थांबवले होते. हाइदेच्या साक्षीनंतर फेर्नांचा मुलगा आल्बेर काउंटला द्वंद्वाचे आव्हान देतो. मुलगा मरणार हे उघड आहे. रात्री मर्सेदेस काउंटच्या घरी येते, पदवीने हाक मारत नाही, एडमंड म्हणते. तो तिच्यापुढे ते निनावी पत्र ठेवतो ज्याने त्याला कैदेत टाकले. दांग्लारने लिहिलेले आणि तिच्या नवऱ्याने टपालात टाकलेले ते पत्र तिला त्या रात्री पहिल्यांदा दिसते. ती नवऱ्याचा बचाव करत नाही. सूड घे म्हणते, पण अपराध्यांवर घे, माझ्यावर घे, माझ्या मुलावर नको. तो वचन देतो, आणि त्या वचनाचा अर्थ असा की सकाळी आपण मरायचे. पुढे जे घडते ते बाजारू प्रेमकथेत घडले नसते. ती घरी जाऊन मुलाला सगळे खरे सांगते, बापाचा गुन्हा लपवत नाही. सकाळी चारचौघांत आल्बेर काउंटची माफी मागतो. दोघांचे प्राण एका बाईच्या खरे बोलण्याने वाचतात. मग मायलेक मोर्सेर्फचा वाडा, पैसा, दागिने, सगळे सोडून बाहेर पडतात. फेर्नां खिडकीतून त्यांना जाताना पाहतो आणि स्वतःवर पिस्तूल झाडतो. आल्बेर आईच्या माहेरचे आडनाव लावतो. या कादंबरीत पदव्या मिळवणारे सगळेच आहेत, पदवी फेकून देणारी ही दोघे.

काउंट आणि मर्सेदेस यांचे पुन्हा जुळत नाही. अनेक वाचकांना हे खटकते. २००२ च्या इंग्रजी चित्रपटाने तर हाइदेला काढूनच टाकले, आल्बेरला दांतेसचा मुलगा केले आणि दोघांची गाठ घालून दिली. २०२४ च्या फ्रेंच चित्रपटाने हाइदे ठेवली पण तिचे मन आल्बेरवर बसवले. आम्हाला ड्यूमाचाच शेवट बरोबर वाटतो, निदान अर्धा. हजरत हमजांना मारणाऱ्या वहशीला हजरत मुहंमद (स.) यांनी माफ केले, पण शक्य तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस असे सांगितले, हे हदीसमध्ये आहे. माफी होते आणि तरी जखम असते. एडमंड आणि मर्सेदेस यांच्यामध्ये चोवीस वर्षे आणि तीन-चार प्रेते आहेत. शेवटचा दुसरा अर्धा, ज्यात बेचाळिशीचा नायक आपण विकत घेतलेल्या, त्याला बापाच्या जागी मानत वाढलेल्या मुलीला जोडीदार करून शिडाच्या होडीतून दूर जातो, तो आम्हाला गोड लागत नाही. तू पॅरिसमध्ये आझाद आहेस असे त्याने तिला सांगितले होते हे खरे. पण जिला जगात दुसरे कोणीच नाही तिच्या आझादीला अर्थ किती?

हे सगळे आज आम्ही का उकरत आहोत, असे कोणी विचारील. खोट्या पत्रावरून, चौकशीशिवाय, साखरपुड्याच्या जेवणावरून उचलला गेलेला मुलगा आमच्या वाचकाला परका नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांवरचे आरोप न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकले. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातून अब्दुल वाहिद शेख २०१५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच खटल्यातल्या बारा जणांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत रद्द केली, तोवर एकोणीस वर्षे झाली होती. दांतेसपेक्षा पाच जास्त. अशी बातमी आली की आमच्या तरुणांच्या मनात आधी काउंटच जागा होतो हे आम्ही नाकारणार नाही. प्रत्येकाला वाटते, कुठेतरी एक बेट असावे, त्यावर एक खजिना असावा. शेख यांनी बाहेर येऊन 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. आबे फारियाने शिकवलेल्या विद्येचा दांतेसने जो उपयोग केला त्याहून हा वेगळा उपयोग आहे. त्यात जाब मागणे सोडलेले नाही. हाइदे सभागृहात कागद घेऊन उभी राहिली होती, ते अधिक जवळचे वाटते.

पण मर्सेदेसचे ऋण फेडायचे राहिले आहे. ड्यूमाने तिला शेवटी जिथे नेऊन बसवले ती जागा पाहा. मार्सेयमधले तेच छोटे घर, जिथे दांतेसचा बाप उपाशी मेला होता. चोवीस वर्षांपूर्वी लग्नानंतरच्या संसारासाठी दांतेसने अंगणातल्या अंजिराच्या झाडाखाली पुरून ठेवलेली दीडशे सोन्याची नाणी काउंट तिला देतो, आणि कोट्यवधींच्या खजिन्यातले काही न घेणारी ही बाई तेवढी घेते, कारण ती खलाशाने कमावलेली होती. आल्बेरने आईच्या चरितार्थासाठी दुसऱ्याच्या बदली फौजेत नाव घातले आहे, दोन हजार फ्रँकला स्वतःला विकून. फौज कुठली? स्पाही, अल्जीरिया. १८३० पासून फ्रान्स तो मुलुख गिळत होता, अमीर अब्दुल कादिर लढत होते आणि १८३७ मध्ये कॉन्स्टंटाइन शहर पडले होते. बापाच्या गुन्ह्याचा डाग मुलगा तिथे जाऊन धुणार. एका मुसलमान पाशाला विकून मिळालेली इज्जत गेली, ती आता दुसऱ्या मुसलमानांवर बंदूक चालवून परत मिळवायची, आणि यात काही विसंगत आहे असे कादंबरीत कोणालाच वाटत नाही. काउंटला नाही, आल्बेरला नाही, ड्यूमालाही नाही.

मर्सेदेसला वाटले असते का? तिला अरबांचा मिठाचा रिवाज माहीत होता. काउंट निरोप घेऊन जातो तेव्हा ती खिडकीत बसलेली आहे. ओठांवर एडमंडचे नाव आहे, पण डोळे समुद्रावर, मुलाला घेऊन आफ्रिकेकडे निघालेल्या जहाजावर आहेत.